‘रॉट’ म्हणजे नेमके काय? कुजणे, सडणे, नासणे आणि एका इंग्रजी शब्दाचे घराणे

प्रश्न कडेगावच्या एका मुलीचा आहे. ती कृषी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हळद, द्राक्ष व शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांवरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणते आहे. पुस्तिकेत ‘रॉट’ हा शब्द अकरा ठिकाणी येतो. तिने अकराही ठिकाणी ‘कुजणे’ लिहिले. वडिलांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘‘निम्मं बरोबर हाय. निम्म्याला वासच येत न्हाई.’’ आता ती विचारते: हा शब्द मुळात कुठला, त्याला इतके अर्थ कसे फुटले आणि मराठीत त्याच्यासाठी एकच शब्द ठरवून टाकला तर काय बिघडते?

बाळ, तुझ्या वडिलांचा कान शाबूत आहे. त्यांना प्रत्येक पान वाचून दाखवत जा. मी सांगलीत अठ्ठावीस वर्षे शेतीच्या मजकुराचे भाषांतर करते: औषधांबरोबर येणारी पत्रके, रोपवाटिकांच्या पुस्तिका, प्रशिक्षणाचे कागद. ‘रॉट’ने मला एकदा असे पाडले आहे की तो शब्द दिसला की आजही माझा हात थांबतो. ते पुढे सांगते. आधी मूळ पाहू, कारण मूळ कळले की अर्थ कसे पसरले तेही कळते.

जुन्या इंग्रजीत ‘रोटिअन’ असे क्रियापद होते. मांस कुजणे, प्रेत कुजणे, असा त्याचा वापर. डचमधले ‘रॉटन’, जुन्या नॉर्समधले, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतले, ‘रोत्ना’ हे त्याचे चुलतभाऊ. म्हणजे घराणे जर्मनिक, इंग्रजी, डच, जर्मन ज्यात येतात ते. आपण शाळेत जे ऐकतो की इंग्रजीतले जड शब्द लॅटिन-फ्रेंचमधून आले, ते या शब्दाला लागू नाही. हा घरचा, रांगडा, एका अक्षराचा शब्द आहे. इंग्रजीतले ‘रॉटन’ हे विशेषण मात्र पाहुणे आहे. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन राहिले. त्यांच्या बोलीतले ‘रोतिन्न’, म्हणजे कुजलेला, इंग्रजीत मुरले आणि तेराशेच्या आसपास लेखनात दिसू लागले. ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘स्काय’ हेही त्यांच्याकडूनच आले. शेजाऱ्याच्या भाषेतून असे रोजचे शब्द येतात ते पोथीतून येत नाहीत, चुलीपाशी येतात. मिरज-जतकडे कन्नडातले अक्का, अण्णा आणि अडकित्ता आपल्या घरात असेच येऊन बसले, आणि ते बाहेरचे आहेत असे आज कोणाला वाटतही नाही.

‘रूट’ हा शब्दही त्याच नॉर्स वाटेने आला. ‘रूट रॉट’ असे जोडीने वाचताना दोन्ही एकाच मुळाचे वाटतात. तसे नाही. ‘रूट’चे नाते लॅटिन ‘रेडिक्स’शी आहे, कुजण्याशी त्याचा संबंध नाही.

आता ‘रॉट’चे एक भावंड बघ, ज्याच्यामुळे मला हा शब्द खऱ्या अर्थाने उमगला. इंग्रजीत ‘रेट’ असे एक क्रियापद आहे, आता फारसे कोणी वापरत नाही. जवसाच्या किंवा तागाच्या पेंढ्या पाण्यात बुडवून वाख सुटा करायचा, त्याला ‘रेटिंग’ म्हणतात. जर्मनमध्ये तर याच घराण्यातले क्रियापद जवस भिजत घालण्यासाठीच वापरले जाई. हे वाचले आणि मला आजोबांची अंबाडी आठवली. माझे माहेर हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात घालून वर दगड ठेवायचे. पंधरवड्याने आजोबा एक काडी उचलत, बुडख्याशी मोडत आणि साल ओढून बघत. साल काडीला धरून असली तर म्हणत, ‘‘अजून कुजली न्हाई.’’ साल सरसर निघाली की त्याच दिवशी सगळे बाहेर काढायचे. एक दिवस जास्त राहिली तर वाखाचा जीव जातो आणि दोर पिळताना तुटतो. पाण्यातले जिवाणू सालीला काडीशी चिकटवणारा पेक्टिनचा डिंक आधी खातात. धाग्याचा सेल्युलोज त्यांना पचवायला वेळ लागतो. त्या दोहोंमधल्या फटीत माणसाने दोर काढला. वास असा असे की पाटापलीकडून कळायचे अंबाडी कुजत घातली आहे, पण त्या वासाला कोणी नाक मुरडत नसे.

‘कुजत घालणे’ हा प्रयोग लक्षात ठेव. मराठीत कुजणे हे दर वेळी नुकसान नाही. खत कुजते, पाचट कुजवतो, अंबाडी कुजत घालतो. इंग्रजीतही ‘वेल-रॉटेड मॅन्युअर’ म्हणतात आणि ते शेणखताचे कौतुक असते. मी पहिल्या वर्षी त्याचे ‘चांगले सडलेले शेणखत’ केले होते. कवठेपिरानच्या एका बैठकीत ते वाचून एका आजींनी मला विचारले, ‘‘सडकं खत कशाला घालू माझ्या मळ्यात?’’ त्या बरोबर होत्या. कुजलेले खत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे असते. सडलेले म्हटले की घाण आली, अळ्या आल्या, हात लावू नये असे काहीतरी आले. क्रिया एकच, पण कुजण्यातून काहीतरी तयार होते आणि सडण्यातून काही उरत नाही, असा आपल्या भाषेचा हिशेब आहे.

तिसरा शब्द नासणे. दूध नासते, आंबा नासतो, अंडे नासते. ज्याचा उपयोग ठरलेला आहे आणि आता तो होणार नाही, ते नासले. नासण्यात वासापेक्षा हळहळ जास्त असते. ‘एक नासका आंबा आढी नासवतो’ ही म्हण घे. इथे ‘सडका आंबा’ म्हटले तर म्हण कोसळते, कारण आढीतल्या बाकीच्या आंब्यांची किंमत गेली हे तिचे दुःख आहे. इंग्रजीत हीच म्हण सफरचंदाची आहे आणि ती चॉसर या इंग्रज कवीने चौदाव्या शतकाच्या शेवटी वापरली आहे: साठ्यातले कुजके सफरचंद बाकीच्यांना कुजवण्याआधी काढलेले बरे. त्याच्या ओळीत ‘रोटन’ हे विशेषण आणि ‘रोटिए’ हे क्रियापद दोन्ही आहेत, पाहुणा आणि घरचा एकाच वाक्यात. फळ पिकताना आणि नासताना इथिलीन नावाचा वायू सोडते, त्याने शेजारची फळे लवकर पिकतात आणि बुरशीला मऊ जागा मिळते. ते शास्त्र फार नंतर आले. आढी लावणारी बाई आणि सफरचंदे साठवणारा माणूस आपापल्या जागी आधीच शहाणे होते.

मग आंबणे आहे, विटणे आहे, बुरसणे, किडणे, घुणणे, उतरणे आहे. भात आंबतो, भाजी विटते, भाकरी बुरसते, दात किडतो, लाकूड घुणते. इंग्रजीत यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘रॉट’ चालून जाईल. ‘टूथ रॉट’सुद्धा म्हणतात. म्हणून तुझी अडचण अशी नाही की ‘रॉट’ला मराठी शब्द नाही. इंग्रजी शब्द न विचारता सगळीकडे जातो आणि मराठी शब्द आधी विचारतो की काय कुजले, ओले की कोरडे, वास कसला, ही तुझी अडचण आहे.

याचे मला पटलेले सर्वांत मोठे उदाहरण २००५ च्या पुरातले. हरिपूर आणि सांगलीवाडीच्या पेवांबद्दल तू ऐकले असशील. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे, आतून सारवलेले, कडेने वाळल्या पाल्याचा थर. त्यात वाळवलेली हळद भरून तोंड मातीने लिंपले की हवा बंद, ओल बंद. कुजायला ओल लागते, किडीला हवा लागते. दोन्ही नाहीत म्हणून हळद वर्षानुवर्षे टिकायची. पेव उघडले की लगेच आत उतरत नसत. तोंड मोकळे ठेवून आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, कंदील दोरीने खाली सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आज आपण शिकवण्यांच्या आणि मोबाइलच्या दुकानांबद्दल वापरतो, पण माझ्या कानात त्याला मातीचा आवाज आहे.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी कृष्णा चढली आणि पेवांत पाणी गेले. पाणी उतरल्यावर हळद बाहेर काढली तेव्हा मी तिथे उभी होते. हमाल मूठभर हळकुंडे उचलत आणि एकेक वेगळे करत. चांगले हळकुंड मोडले की खणकन वाजते आणि आत केशरी-पिवळी चकाकी असते. पहिल्या मुठीतल्या हळकुंडांना आवाज नव्हता, पण नख लागत नव्हते. हमाल म्हणाला, ‘‘ही भिजलीया, वाळवून बघा.’’ दुसऱ्या मुठीतली नखाने दबत होती आणि आत तपकिरी झाली होती: ‘‘ही कुजली.’’ तळातून आलेली हातातच चिखल होत होती आणि तिला असा वास होता की बोलणारा तोंड फिरवून बोलला: ‘‘ही सडली, टाका.’’ एकाच पेवात तीन थर, तीन शब्द. आणि बांधावर बसलेले पेवाचे मालक सगळ्याबद्दल एकच शब्द बोलत होते, ‘‘नासली.’’ इंग्रजी बातमीत त्या दिवशी या सगळ्याला ‘रॉट’ म्हटले असते तर ते चूक ठरले नसते. पण त्या बातमीवरून कोणती हळद वाळवायची आणि कोणती टाकायची हे कोणाला कळले नसते.

आता तुझ्या पुस्तिकेकडे. हळदीतल्या ‘रायझोम रॉट’ला कंदकूज हा शब्द रूढ आहे. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राच्या परिसरातला शेतकरी तोच बोलतो. तो बदलू नकोस. पिथियम नावाच्या, पाण्यात फोफावणाऱ्या बुरशीसारख्या जीवामुळे ती होते, म्हणून पाणी साचलेल्या सरीत आधी दिसते. पाने कडेकडून पिवळी पडतात, बुंधा मऊ होतो, ओढला तर सहज हातात येतो, गड्डा दाबला की पाणी सुटते. इथे ‘कूज’ नाम बरोबर, पण वर्णनात तू ‘गड्डा कुजतो’ एवढेच लिहून थांबली आहेस. ‘मऊ पडतो, पाणी सुटते, घाण वास येतो’ हे लिही. वास तिथे हवा होता, वडिलांना तोच सापडला नाही.

उसाच्या ‘रेड रॉट’चा उल्लेख एका ओळीत आहे. लाल कूज ठीक आहे. फक्त ऊस उभा चिरला की आतला लाल भाग, त्यावरचे आडवे पांढरे पट्टे आणि दारूसारखा आंबूस वास ही खूण दे. वास आंबल्याचा आहे, सडल्याचा नाही. त्या वासानेच रोग ओळखतात.

द्राक्षाच्या भागात फुलोऱ्यातल्या ‘ड्रॉप अँड रॉट’चे तू ‘फुले गळणे व कुजणे’ केले आहेस. अगं, तासगाव-मिरजेच्या बागांत यासाठी ‘गळ-कूज’ हा जोडशब्द रोज बोलला जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, ‘‘गळ-कूज किती?’’ तोच घे.

गळ-कूज या शब्दावर जरा थांबते, कारण त्यात एक जुनी गोष्ट दडली आहे. इंग्रजीतला दुसरा, सभ्य शब्द ‘डिके’. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला: ‘दे’ म्हणजे खाली आणि ‘कादेरे’ म्हणजे पडणे. खाली पडणे म्हणजे क्षय. त्याच ‘कादेरे’पासून ‘ॲक्सिडेंट’ आला, अंगावर येऊन पडलेले; आणि पानझडी झाडांना म्हणतात तो ‘डेसिड्युअस’ही. आता आपल्याकडे बघ. बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या व्याकरणकाराने प्राकृत व्याकरणात दोन धातू एका नियमात बांधले आहेत: पत् चे पडइ आणि सद् चे सडइ. आपले पडणे आणि सडणे शेजारीशेजारी. सद् म्हणजे खचणे, बसून जाणे. विषाद आणि अवसाद हे शब्द याच धातूचे. म्हणजे त्याच्या हिशेबाने सडणे म्हणजे आधी खचणे. पडणे आणि कुजणे माणसाने अनेक ठिकाणी एकत्र पाहिले आहे, कारण झाडाखाली ते एकत्रच दिसते. बागाईतदाराने ‘गळ-कूज’ म्हणताना व्याकरण वाचले नव्हते.

‘रॉट’ आणि ‘डिके’ यांत फरक करायचा तर एवढे ध्यानात ठेव. अणूंचा ‘डिके’ होतो, ‘रॉट’ होत नाही. त्याला आपण किरणोत्सर्गी क्षय म्हणतो, आणि त्याला वास नसतो. इमारतीचा, साम्राज्याचा, दाताचा ‘डिके’ होतो. ‘रॉट’ म्हटले की ओल आली, बुरशी आली, नाक आले.

नाकावरून आणखी एक घराणे. संस्कृतात पूति म्हणजे दुर्गंधी, पूय म्हणजे जखमेतून येतो तो पू. आपला पू तिथूनच आला. लॅटिनमधला ‘पूस’, ज्याचा इंग्रजी ‘पस’ झाला, तो त्याचाच भाऊ. ‘प्युट्रिड’ही तिथलाच. आणि इंग्रजीतला ‘फाउल’सुद्धा, कारण आपल्या प च्या जागी जर्मनिक भाषांत फ येतो: पितृ-फादर, पाद-फूट, तसे पू-फाउल. फ्रेंचमधला ‘पोपुरी’, म्हणजे सुकलेल्या फुलांचे सुगंधी भांडे, शब्दशः ‘कुजके भांडे’ आहे. स्पॅनिशमधल्या एका मिसळीच्या कालवणाच्या नावाचे ते भाषांतर. तुझ्या बोटाला काटा लागून पू झाला तर त्या शब्दाचे भाऊ युरोपात भेटतात. ‘रॉट’चे असे नाते आपल्या भाषेत दाखवता येत नाही.

द्राक्षवाल्यांना हे सांगायला मला आवडते, कारण तुझ्या पुस्तिकेच्या शेवटी ‘नोबल रॉट’ची चौकट आहे. बोट्रायटिस नावाची करडी बुरशी. पावसात ती घडावर बसली की घड गेला, त्याला ‘ग्रे रॉट’ म्हणतात. पण फ्रान्समधल्या सोतेर्न आणि हंगेरीतल्या तोकाय भागात सकाळी धुके आणि दुपारी कोरडे ऊन असे हवामान शरद ऋतूत मिळते. तिथे तीच बुरशी मण्याच्या सालीला बारीक भोके पाडते, पाणी उडून जाते, साखर घट्ट होते आणि त्या सुरकुतलेल्या मण्यांची गोड वाइन जगात महाग विकली जाते. फ्रेंच आणि जर्मन नावांत कुजण्याचे जे शब्द आहेत ते दोन्ही पू-फाउलच्या घराण्यातले. भाषांतर करताना इंग्रजांनी आपला घरचा ‘रॉट’ बसवला. तू ‘उदात्त कूज’ लिहिले आहेस. ते काढ. ‘नोबल रॉट’ असेच देवनागरीत ठेव आणि पुढे एक वाक्य लिही की ही गोडी वाढवणारी बुरशी आहे. बेदाण्याच्या शेडवर जाळीत मणी सुकताना पाहिलेल्या माणसाला पाणी जाऊन गोडी उरणे समजावून सांगावे लागत नाही. फक्त बेदाण्यात बुरशी आली तर माल गेला, हे तो जाणतो. म्हणून त्याला फरक सांगणे तुझे काम आहे.

आता मी पडले ती गोष्ट. आटपाडी-जतकडच्या मेंढपाळांसाठी एक पत्रक होते. इंग्रजीत ‘फूट रॉट’. मी घाईत ‘लाळ-खुरकूत’ लिहिले, कारण खुराचा रोग म्हटला की तोच शब्द जिभेवर होता. छपाईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी एका पशुवैद्यांनी प्रत मागवली आणि मला बोलावून घेतले. लाळ-खुरकूत विषाणूमुळे होते, तोंडात फोड येतात, लाळ गळते आणि त्यासाठी लस असते. ‘फूट रॉट’ जिवाणूंमुळे होतो. ओल्या वाड्यात उभे राहून मेंढीच्या नखीमधली कातडी कुजते, नखीचे कवच सुटते, मेंढी गुडघ्यांवर चरते, आणि तोंडाला काही होत नाही. त्यावर नखी छाटणे, झिंक सल्फेटच्या पाण्यातून कळप चालवणे आणि वाडा कोरडा ठेवणे हे उपाय. माझे पत्रक गेले असते तर धनगर लशीची वाट बघत बसले असते आणि मेंढ्या लंगड्या झाल्या असत्या. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी वाड्यावर नेले, एका मेंढीचा पाय उचलून नखी फाकवली आणि म्हणाले, ‘‘वास घ्या.’’ तो वास मी अजून विसरले नाही. तिथे ‘कुजणे’ हाच शब्द होता, दुसरा कुठलाही नव्हता. तुझ्या पुस्तिकेत ‘खुराची कूज’ असे लिही आणि कंसात नव्हे, सरळ वाक्यात सांग की ही लाळ-खुरकूत नव्हे.

‘ड्राय रॉट’चेही असेच. घरबांधणीच्या मजकुरात लोक त्याचे ‘वाळवी’ करतात. वाळवी किडा आहे. ‘ड्राय रॉट’ बुरशी आहे. नावात कोरडेपणा असला तरी तिलाही ओल लागतेच. लाकूड शेवटी कोरडे, तपकिरी, चौकोनी तुकड्यांचे दिसते म्हणून ते नाव. तिच्या शास्त्रीय नावात ‘रडणारी’ असा शब्द आहे, कारण तिच्यावर पाण्याचे थेंब डवरतात. ती थंड प्रदेशातली, आपल्याकडे हिमालयात नैसर्गिकरीत्या सापडते. इथल्या वाड्यातली तुळई वेगळ्या बुरश्यांनी कुजते किंवा घुणते. लाकूड ठोकून आवाज ऐकल्याशिवाय सुतारही सांगत नाही.

लाक्षणिक अर्थ तुझ्या कामात नाहीत, पण विचारले आहेस म्हणून थोडक्यात. इंग्रजीत कैदी तुरुंगात ‘रॉट’ होतो. मराठीत तो सडतो किंवा खितपत पडतो, कुजत नाही. क्रिकेटमध्ये ‘स्टॉप द रॉट’ म्हणजे आपल्याकडे डावाची पडझड रोखणे. बघ, पुन्हा पडणे आलेच. एकोणिसाव्या शतकात ‘रॉट’चा अर्थ निव्वळ बडबड असाही झाला, त्याला आपली ‘बकवास’ पुरते. ‘रॉटन बरो’ म्हणजे ब्रिटनमधले ते मतदारसंघ जिथे वस्ती उरली नव्हती पण खासदार निवडून येत. ओल्ड सॅरम या उजाड टेकडीवरून मूठभर मतांवर दोन खासदार जात. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ते संपले. त्याला मी ‘सडके मतदारसंघ’ लिहिते, कारण इथे निषेध हवा आहे, आणि निषेध सडण्यात आहे. ‘डेन्मार्कच्या राज्यात काहीतरी सडते आहे’ हे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातले प्रसिद्ध वाक्यही त्यामुळेच सडण्याचे. ते हॅम्लेटच्या तोंडी नाही, मार्सेलस नावाच्या पहारेकऱ्याच्या तोंडी आहे, आणि पहारेकऱ्याच्या तोंडी ‘क्षय’ शोभत नाही.

मराठीने स्वतःहून काय केले तेही बघ. कुजकट बोलणे म्हणजे मनात साठवून ठेवलेले विष बाहेर येणे. नासका माणूस दुसऱ्याचे बिघडवतो. जीव विटतो. दिवसभर भांगलण करून अंग आंबते. ही सगळी क्रियापदे स्वयंपाकघरातून आणि उकिरड्यावरून माणसाच्या मनात शिरली, आणि प्रत्येक आपापली जागा धरून आहे. ‘कुजबूज’ यात धरू नकोस, तो आवाजावरून झालेला शब्द आहे.

‘ब्रेन रॉट’ला, म्हणजे मोबाइलवरचे फालतू बघून बघून डोके बधिर होते त्याला, काय म्हणायचे असे तू शेवटी विचारले आहेस. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तो २०२४ चा शब्द म्हणून निवडला म्हणून सगळ्यांना नवा वाटतो. तो १८५४ मध्ये अमेरिकेत थोरो या लेखकाने लिहिला आहे. तेव्हा आयर्लंडातल्या बटाट्याच्या रोगाची आठवण ताजी होती. त्या रोगाला लोक ‘पोटॅटो रॉट’ म्हणत. थोरोने विचारले की बटाट्याची कूज बरी करायला इंग्लंड धडपडते आहे, मग त्याहून जास्त पसरलेली मेंदूची कूज बरी करायला कोणी धडपडणार नाही का? म्हणजे हा शब्दही शेतातूनच गेला. मराठीत ‘बुरसटलेला मेंदू’ करू नकोस. बुरसटलेले म्हणजे आपल्याकडे जुनाट, आणि इथे तक्रार नको इतक्या नव्याची आहे. घरात मी नातवाला ‘डोकं नासतंय तुझं’ म्हणते आणि त्याला ते कळते.

हे सगळे ध्यानात घेऊन तुझ्या अकरा जागा मी अशा लावेन: हळदीच्या तीन, उसाची एक, खुराची एक आणि शेणखताची एक यांत कूज किंवा कुजणे. फुलोऱ्याच्या दोन जागी गळ-कूज. काढणीनंतर खोक्यात बिघडलेल्या मण्यांना नासणे, कारण तिथे बोलणे बाजाराचे आहे. नोबल रॉट जसाच्या तसा.

राहिली अकरावी, साठवणीतल्या बेण्याच्या हळदीची. इंग्रजीत नुसते ‘रॉट’ आहे. ओली की सुकी, लिहिलेले नाही. गड्डा हलका होऊन आत भुगा झाला असेल तर सुकी कूज म्हण. मऊ होऊन पाणी सुटत असेल तर ओली कूज म्हण. दोन्हींची काळजी वेगळी घ्यावी लागते, तेव्हा अंदाजाने लिहू नकोस. तुमच्या गावात बेणे साठवलेले कोणी ना कोणी असेलच. एक खराब गड्डा मागून घे, मधोमध काप, वास घे, वडिलांनाही दे. ते जो शब्द उच्चारतील तो मला कळव.